पहिल्या पाळीची सायकल

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला सर्जापूर रोड सोडून आनेकलकडे निघालं, की वाटेत इडलीची एक गाडी लागते. आसपासच्या मोठ्या इमारतींतली तरुण मंडळी अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे घालून महागड्या सायकलींवर तिथवर येतात, इडली खातात, एकमेकांचे किलोमीटर विचारतात आणि परत जातात. गेल्या थंडीपासून त्यांच्या सायकलींशेजारी एक निराळीच सायकल येऊन टेकू लागली. गडद हिरवा रंग, सडसडीत पोलादी नळ्या, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मागे कॅरिअर आणि कॅरिअरला बांधलेली कापडी पिशवी. चालवणारी बाई पस्तिशीची. ओढणी कमरेला घट्ट आवळलेली आणि सलवारीच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा.

पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मकरंद नावाच्या मुलानं एकदा ती सायकल वाकून वाकून पाहिली. बाई फोनवर मराठी बोलताना ऐकून त्याला धीर आला होता.

"काय क्लासिक फ्रेम आहे! कुठल्या वर्कशॉपमध्ये करून घेतलीत?"

"घरात."

"नाही, म्हणजे काम कुणी केलं?"

"मी की," बाई म्हणाली आणि उरलेली चटणी इडलीला लावून खाऊ लागली.

ही शिवलीला. माहेर-सासर दोन्ही निपाणीकडचं, त्यामुळे घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि राग आला तर जी आधी सुचेल ती. बंगळूरला येऊन तिला बारा वर्षं झाली. आनेकलच्या अलीकडे औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना आहे. तिथे यंत्रांना लागणारे बारीक, गुळगुळीत, आतून पोकळ असे पोलादी भाग तयार होतात. तिथे ती पॅकिंगला लागली. डब्याच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा मारायच्या, तेव्हा ही तपासणीच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. कुणी शिकवलं नाही, पण कुणी हाकललंही नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज अशी मोजमापाची एकेक वस्तू तिनं नजरेनं शिकली, मग हातानं. आठ वर्षांनी पहिल्या पाळीच्या तपासणीची ती इन्चार्ज झाली. तिची सही झाल्याशिवाय एक पेटी दाराबाहेर जात नव्हती.

कुठलीही वस्तू हातात आली की डावा डोळा बारीक करून ती उजेडात धरायची तिला सवय. तिचा नवरा बसवंत म्हणे, "हिच्याकडं काय बी दिलं की पैल्यांदा ही त्याला नापास करते. लग्नात मला पण असंच बघितलं होतं."

"आणि पास केलं न्हवं?" ती म्हणे. "मग गप बसा."

गेल्या सप्टेंबरात कारखान्याचे सुपरवायझर नरसिंहराव यांनी तिला बोलावून घेतलं. नरसिंहरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं, की कुठलं कुठं सुरू होतं ते त्यांनाही सांगता येऊ नये.

"बसा अम्मा, स्वल्प बसा," ते म्हणाले. "दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून तुमच्या बाजूची कंपनीची गाडी बंद. वरून आलंय, माझ्या हातात काही नाही."

"मग मी येऊ कशी? पहिली बस धरली तर इथं सात वाजतात."

"तेच सांगतो. साडेसहाला इन्चार्ज जागेवर पाहिजे. एक दिवस मी सांभाळीन, दोन दिवस सांभाळीन. तिसऱ्यांदा उशीर झाला तर मला आनेकलमधलं माणूस बघावं लागेल. तुम्हाला नऊच्या पाळीला घेतो, पॅकिंगला. पगार तोच."

"पगार तोच," शिवलीला म्हणाली. "आणि सही?"

नरसिंहरावांनी टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली. "पॅकिंगला सही कुठली, अम्मा?"

घरी स्कूटर होती, पण ती बसवंतची. तो सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत इलेक्ट्रिशियन, आणि एक आठवडा आड रात्रपाळी. त्या आठवड्यात ती निघायच्या वेळी तो स्कूटरसकट कामावर असायचा. दुसरी गाडी घ्यायचं ते वर्ष नव्हतं. घरापासून कारखाना पंधरा किलोमीटर. आठ वर्षांत मिळवलेली सही या पंधरा किलोमीटरांत सांडून जाणार, ही गोष्ट तिला झोपू देईना.

त्याच आठवड्यात बसवंतच्या सोसायटीत तळघराची सफाई निघाली. अशा सोसायट्यांच्या तळघरात सायकलींचं रान माजलेलं असतं. मुलं मोठी होतात, माणसं परदेशी जातात, हौस फिटते आणि सायकली धूळ खात भिंतीला टेकून राहतात. वर्षातून एकदा सगळ्यांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावतात. पंधरा दिवसांत कुणी हक्क सांगितला नाही तर सायकल भंगारात जाते. एक सायकल मात्र मालक समोर असूनच भंगारात निघाली होती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या विद्याधररावांची. सरकारी संशोधन संस्थेत त्यांची उभी नोकरी झालेली. चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडात प्रशिक्षणाला गेले होते, तेव्हा त्यांनी ती आणली होती.

"घेऊन जा हो बसवंत," ते म्हणाले. "माझ्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. कुणाच्या उपयोगी पडली तर बरंच वाटेल मला."

बसवंतनं ती खांद्यावरून घरी आणली. भाड्याच्या घरासमोर थोडी गच्ची होती, तिथे टेकवली. टायरांचा भुगा झालेला, साखळी गंजून काठीसारखी ताठ, ब्रेक जाम. त्याची आई यल्लव्वा पदराला हात पुसत बाहेर आली.

"ह्ये काय आणलंस रं? गाढवाचा सापळा हाय काय?"

शिवलीलानं डावा डोळा बारीक केला. जिथे दोन नळ्या मिळतात तिथे भोवती पोलादाचं नक्षीदार काठ असलेलं जोडकाम होतं. ओल्या फडक्यानं तिनं एक वीतभर जागा पुसली. काळ्या थराखालून हिरवा रंग वर आला. मग तिनं चौकटीभोवती दोरा ताणला, मागच्या टोकापासून पुढून वळवून पुन्हा मागे, आणि मधल्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता.

"सरळ आहे," ती म्हणाली. "आत्ती, ही मेलेली न्हाई."

दसऱ्याला पाच आठवडे होते. रोज कामावरून आली की ती दोन तास गच्चीवर बसू लागली. उघडलेला प्रत्येक भाग घासून, मोजून, चालणाऱ्याला हिरवा दोरा आणि न चालणाऱ्याला लाल.

"माझ्या पण पायाला बांध एखादा," बसवंत म्हणाला.

"लाल का हिरवा?"

"ते तू मोजून ठरव बाई."

सीटखालचा दांडा काही केल्या निघेना. ॲल्युमिनिअमचा दांडा पोलादी नळीत चाळीस वर्षांत चिकटून एकजीव झालेला. बसवंत म्हणाला, पाइप अडकवून पिरगाळतो. तिनं हात लावू दिला नाही. आठ दिवस ती सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब तेल सोडत राहिली. मग तिला कारखान्यातलीच गोष्ट आठवली. सकाळच्या गारव्यात मोजलेला भाग आणि दुपारी मोजलेला भाग सारखा भरत नाही, आणि ॲल्युमिनिअम पोलादापेक्षा जास्त आकसतं. रविवारी तिनं सायकल दुपारभर उन्हात तापू दिली. मग रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फ कापडात गुंडाळून फक्त दांड्यावर दाबून धरला.

"तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवत्यात तसं चाललंय," यल्लव्वा म्हणाली.

अर्ध्या तासानं बसवंतनं सीट धरून हळूच वळवली. चिरका आवाज आला आणि दांडा फिरला. यल्लव्वानंच आधी टाळी वाजवली.

पायट्यांच्या, म्हणजे पॅडलच्या, आसाला धरून ठेवणारा कप काढताना बसवंत पान्याला लोंबकळायच्या बेतात होता. तिनं त्याचं मनगट धरलं. "थांबा की! उजव्या बाजूचे आटे उलटे असणार. आमच्या ग्राइंडरला पण एक नट असाच आहे." उलट दिशेला जोर लावल्यावर कप लोण्यातून सुरी निघावी तसा सुटला. बसवंत पान्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं सोसायटीतल्या चार जणांना, कुणी विचारलं नसताना, उलट्या आट्यांची गोष्ट सांगितली.

टायरांसाठी दोघं मारतहळ्ळीला गेले. दुकानदारानं हल्लीच्या मापाचे दोन पुढे केले. "हाच बसतो अक्का, सगळे हाच घालतात." शिवलीलानं पिशवीतून टेप काढला आणि टायराच्या आतल्या काठाचं माप घेतलं. तिच्या रिमपेक्षा आठ मिलिमीटर कमी.

"आठ एमएमनं काय होतं?" दुकानदार हसला.

जिचा सारा दिवस मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जातो, तिला तो हे विचारत होता. बसवंतनं खाली मान घालून हसू लपवलं. शेवटी त्यानंच बंगळूरच्या पेठेतली जुनी दुकानं पालथी घालून सत्तावीस इंची टायरांची जोडी मिळवली.

रंग तिनं नवा दिला नाही. घासून, मेण लावून जुना हिरवाच उजळला. एकदोन ठिकाणी पोचे होते, ते राहू दिले. चाकांच्या आसांत, हँडलखाली, पायट्यांत सगळीकडे नवं ग्रीस भरून झालं. मागे कॅरिअर बसलं, मडगार्ड बसले, पुढे दिवा. राहिलं होतं ते ब्रेक, तारा, साखळी आणि गिअर जुळवणं. ते तिनं मुद्दाम खंडेनवमी आणि दसऱ्याच्या सुट्टीसाठी ठेवलं. शुक्रवार, शनिवार, वर रविवार. दीड दिवसाचं काम, तीन दिवसांची सुट्टी. तिचा हिशेब चोख होता.

खंडेनवमीच्या सकाळी ती अंघोळ करून गच्चीवर गेली, तर हत्यारांची पेटी रिकामी.

आत पाटावर लाल कापड अंथरलेलं. त्यावर ओळीनं पाने, पक्कड, बसवंतचा टेस्टर, विळी, खुरपं आणि मधोमध तिचा घरचा व्हर्नियर. सगळं लखलखीत धुतलेलं, प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं, कुंकू आणि झेंडूचं फूल. शिवलीला उंबऱ्यातच थांबली. बंगळूरभर त्या दिवशी यंत्रं गप्प असतात, चाकाखाली लिंबं ठेवतात, रस्त्यात कोहळे फोडतात. आदल्याच दिवशी कारखान्यात तिनं स्वतःच्या हातानं मायक्रोमीटरला कुंकू लावलं होतं. पण सुट्टी मोजताना तिनं सण मोजलाच नव्हता.

"आत्ती, कधी उचलायची ही?"

"उद्या. सांजच्याला बन्नीचं सोनं वाटून झाल्यावर." यल्लव्वानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "वरीसभर तुमासाठी राबत्यात गं ती. एक दिस बसू दे त्यास्नी."

वाद घालावा असं तिला वाटलं नाही. कारण हे तिलाही पटत होतं. पण दीड दिवसाच्या कामाला आता एक दिवस उरला होता. सायकलही पूजेला बसली होती. तिच्या गळ्यात हार, नळीवर विभूती, अंग कसं तेजाळ. शिवलीलानं हात जोडले आणि मनात तारांची लांबी मोजत राहिली.

रविवारी उजाडताच ती बसवंतला हाताशी घेऊन कामाला लागली. जेवणाच्या वेळेपर्यंत साखळी बसली, दोन्ही गिअर धावू लागले, ब्रेकच्या नव्या तारा ओढून झाल्या. बसवंतनं मागचं चाक अधांतरी धरून गरागरा फिरवलं. तिनं ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. पूर्ण दाबला. रबर रिमला घट्ट टेकलेलं दिसत होतं, आणि चाक जसं काही झालंच नाही असं फिरत होतं. तिनं तार तपासली, स्क्रू तपासला. मग रिमवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

खोबरेल.

"आत्ती!"

यल्लव्वा स्वयंपाकघरातून आली.

"चाकाला तेल कुणी लावलं?"

"मी. तू गुरुवारी कामावर गेल्यावर. सगळी गाडी न्हाणीत नेऊन सोड्यानं खळाखळा धुतली, आणि अंगभर तेल चोळलं. लोखंडाला गंज चढू नये म्हणून तेलच लावत्यात. आमचा कुळव असाच ठेवत हुतो आमी."

शिवलीलानं पुढचं चाक काढलं आणि आस उघडला. आत पाणी गेलं होतं. ग्रीस ताकासारखं पांढरं झालं होतं. ती चाक मांडीवर घेऊन तशीच बसली. पाच आठवडे तिनं एक भाग न मोजता पुढे जाऊ दिला नव्हता. आणि तपासून पास झालेल्या मालावर हे. तिच्या तोंडात जे शब्द आले ते कन्नड होते, आणि ते तिनं गिळले.

"काय बिघडलं गं?" यल्लव्वाचा आवाज उतरला.

"तेल लावलं की ब्रेक धरत न्हाई, आत्ती. उद्या पहाटे मी यावर बसणार."

सुनेची सही जाणार म्हणजे काय, ते यल्लव्वाला ठाऊक होतं. गावाकडून कुणाचा फोन आला की 'आमच्या सुनंनं सही केल्याशिवाय माल हलत न्हाई' हे वाक्य ती पहिल्या मिनिटात आणायची. तिनं पदर खोचला.

"तू ते आतलं बघ. तेलाचं माझ्याकडं दे. समईचं वरीसभराचं तेल काढत्ये मी, ह्ये काय मोठं?"

तिनं पाणी उकळायला ठेवलं. चुलीची राख गावाहून डब्यात भरून आणलेली होती. ती चाळून घेतली, रिठे कुटले आणि नारळाची शेंडी घेऊन न्हाणीच्या दगडावर बसली. आधी कोरडी राख, मग रिठ्याचं कढत पाणी, मग पुन्हा राख. दोन्ही रिमा दोन्ही बाजूंनी. मध्येच शिवलीला बोट फिरवून बघे आणि मान हलवे.

"नापास?"

"अजून थोडं."

"बसवंत खोटं बोलत न्हाई तुझ्याबद्दल," यल्लव्वा म्हणाली आणि पुन्हा घासू लागली. चौथ्या खेपेला शिवलीलाचं बोट रिमवर चर्रर्र असं थांबलं. तिनं खिशातून हिरवा दोरा काढला आणि सासूच्या मनगटाला बांधला. यल्लव्वा इतकी हसली, की खालच्या घरातली बाई बाहेर येऊन वर बघू लागली.

इकडे शिवलीलानं दोन्ही आस पुन्हा सोडवले. पुढचे वीस छर्रे, मागचे अठरा, एकेक पुसून उजेडात धरून नव्या ग्रीसमध्ये बसवले. ब्रेकची रबरं पॉलिश पेपरवर घासून खरखरीत केली. दिवेलागणीला बसवंतनं चाक फिरवलं, तिनं ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. तिनं दहा वेळा दाबून पाहिलं. दहाही वेळा थांबलं.

सोमवारी पाच वाजून वीस मिनिटांनी ती निघाली. बसवंत रात्रपाळीला होता, त्याला तिनं फक्त 'निघाले' एवढं कळवलं. यल्लव्वा फाटकापर्यंत आली होती. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, एक जादा ट्यूब आणि दोन पाने. पहिले दोन किलोमीटर ती कान देऊन चालवत होती, कुठे काही वाजतंय का ते ऐकत. साखळीच्या बारीक सळसळीशिवाय काही ऐकू आलं नाही. मग तिनं गिअर बदलला आणि सायकल हाताखालून पुढे सरकली, जशी काही इतकी वर्षं तळघरात वाटच बघत होती.

तळ्याच्या उतारावर वेग आला. उजाडायला लागलं होतं. उतार संपता संपता एका फाटकातून पाण्याचा टँकर मागे बघितल्यावाचून रस्त्यावर आला. शिवलीलानं दोन्ही ब्रेक दाबले. रबरं किंचाळली, मागचं चाक जरासं सरकलं, आणि सायकल टँकरच्या चाकापासून हातभर अंतरावर उभी राहिली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"अक्का, नोडकोंडु बरबेकल्ला!" म्हणजे जरा बघून येऊ नये का!

"मी बघूनच आले!" ती ओरडली. "तू बघ की!"

तिनं आधी वाकून पुढची रिम पाहिली. रबराचा करडा पट्टा सगळीकडे सारखा उमटला होता. मग ती पुन्हा बसली.

कारखान्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा वॉचमननं वही पुढे केली. आत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर लिहायचा नियम. त्यानं तिच्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं आणि वही मिटू लागला. "सायकलला कुठला नंबर?"

"आहे. लिहा." पायट्यांखाली पोलादात ठोकलेला सात आकडी नंबर तिनं न बघता, एकेक आकडा सुटा करून सांगितला. वॉचमननं तो मोटारींच्या रकान्यातच लिहिला, कारण दुसरा रकाना वहीत नव्हता.

नरसिंहराव व्हरांड्यात उभे होते. हातातल्या घड्याळाकडे त्यांनी दोनदा पाहिलं. सहा वाजून एकोणीस मिनिटं.

"सायकलवर आलात, अम्मा? तिकडून?"

"होय सर."

त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. हँडल धरून ब्रेक दाबला, सायकल पुढे ढकलून पाहिली. ती हलली नाही. "कुणी बसवलं हे?"

"मी. आणि आमच्या आत्तींनी."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. मग ते बाजूला झाले आणि त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं, जे त्यांनी आजवर कुणासाठीच केलं नव्हतं.

शिवलीलानं साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. नखांत अजून ग्रीस होतं, ते काडीनं काढलं. सायरन वाजला. रात्रीच्या पाळीचा माल टेबलावर मांडलेला होता. तिनं पहिला भाग उचलला, उजेडात धरला, डावा डोळा बारीक केला, मोजला, आणि त्या दिवसाच्या पहिल्या कागदावर सही केली.